किती वाकडे धरायचे? सडपातळ रचनांच्या बकलिंगचे संगणकीय मॉडेल तयार करताना

चार मीटर उंचीचा, ११४.३ मि.मी. बाह्य व्यासाचा आणि ४.५ मि.मी. जाडीचा पोलादी पाइप दोन्ही टोकांना पिन-जोड देऊन खांब म्हणून उभा केला, तर ऑयलरच्या सूत्राने त्याचा क्रांतिक भार, म्हणजे ज्या भाराला तो बकल होतो (अचानक बाजूला वाकतो) तो भार, २८९ किलोन्यूटन येतो. हाच पाइप मध्यभागी फक्त ४ मि.मी., म्हणजे लांबीच्या एक हजारांश इतका, आधीच वाकलेला असेल, तर २४० मेगापास्कल यील्ड प्रतिबलाच्या पोलादात त्याची कड २२३ किलोन्यूटनलाच यील्ड (कायमची विकृत) होऊ लागते. आता दुसरी रचना घेऊ. १ मीटर त्रिज्येचा आणि १ मि.मी. जाड पत्र्याचा पोलादी दंडगोल उभ्या दाबाखाली आहे. शास्त्रीय सिद्धांत त्याला ७६० किलोन्यूटनची क्षमता देतो. नासाच्या एसपी-८००७ या मार्गदर्शिकेतील १९६८ चे सूत्र मात्र त्यातले जेमतेम २२ टक्के, म्हणजे १७० किलोन्यूटन, हिशेबात धरायला सांगते. खांबाने पाऊण क्षमता राखली, तर दंडगोलाने तीन चतुर्थांशांहून अधिक गमावली. या दोन्ही घटींच्या मुळाशी रचना कागदावर होती तशी प्रत्यक्षात नसणे, म्हणजेच भौमितिक अपूर्णता, हे प्रमुख कारण आहे.

म्हणून बकलिंगच्या मॉडेलमध्ये अपूर्णता ही सगळे झाल्यावर वरून शिंपडायची गोष्ट नाही. ती कोणत्या आकाराची आणि किती खोलीची धरली, यावरच उत्तर ठरते, आणि तो निर्णय सॉफ्टवेअर आपल्यासाठी घेत नाही. पुढील मार्गदर्शन फायनाईट एलिमेंट पद्धतीची प्राथमिक ओळख असलेल्या वाचकासाठी आहे. वरचा पाइप आणि वरचा दंडगोल ही दोनच उदाहरणे शेवटपर्यंत वापरली आहेत. जिथे आज्ञांची नावे आली आहेत तिथे ती अबॅकस या फायनाईट एलिमेंट सॉफ्टवेअरमधील आहेत. इतर पॅकेजमध्ये त्यांची नावे वेगळी असली तरी कामाचा क्रम हाच राहतो.

संगणकाआधी हातहिशेब

प्रथम आपली रचना बकलिंगनंतर कशी वागते हे ओळखावे, कारण अपूर्णतेचे गांभीर्य त्यावरूनच कळते. सरळ खांब क्रांतिक भाराला पोहोचल्यावर जवळजवळ तोच भार धरून वाकत जातो. चारही कडांना आधार असलेली प्लेट बकल झाल्यावरही आणखी भार घेते, त्यामुळे तिच्या बाबतीत थोडा वाकडेपणा फारसा बिघडवत नाही. अक्षीय दाबाखालचा पातळ दंडगोल मात्र बकल होताक्षणी भार सोडून देतो, आणि अशा रचनेत जाडीच्या दहाव्या भागाइतका पोचाही क्षमतेत मोठी घट करतो. फोन कार्मान आणि चिएन यांनी १९४१ मध्ये दंडगोलाचा बकलिंगनंतरचा भार किती खाली घसरतो हे दाखवले. त्यानंतर वॉर्नर कॉइटर यांनी डेल्फ्ट येथे १९४५ मध्ये सादर केलेल्या प्रबंधात बकलिंगनंतरचे वर्तन आणि अपूर्णतेची संवेदनशीलता यांचा संबंध सर्वसाधारण स्वरूपात मांडला. तो प्रबंध डच भाषेत असल्यामुळे त्याची व्यापक दखल बऱ्याच वर्षांनी घेतली गेली. आज आपण संगणकावर जे करतो त्याचा पाया तिथे आहे.

वर्गीकरण झाले की आकडे कागदावर काढावेत. आपल्या पाइपचे क्षेत्रफळ १,५५२ चौ.मि.मी. आहे, जडत्वाघूर्ण २३.४ लाख मि.मी.चा चौथा घात आहे आणि परिभ्रमण त्रिज्या ३८.८ मि.मी. आहे, म्हणजे सडपातळपणाचे गुणोत्तर १०३. संपूर्ण छेद यील्ड होण्याचा भार ३७३ किलोन्यूटन आणि ऑयलरचा भार २८९ किलोन्यूटन, म्हणजे दोन्ही जवळपास आहेत. अशा मधल्या लांबीच्या खांबातच अपूर्णतेचा परिणाम सर्वांत जास्त जाणवतो. अतिशय आखूड खांब यील्डने जातो आणि अतिशय लांब खांब ऑयलरच्या भाराच्या जवळ जातो. मधल्याला दोन्हीकडून मार बसतो.

दंडगोलासाठी शास्त्रीय प्रतिबल म्हणजे ०.६०५ गुणिले स्थितिस्थापकता गुणांक गुणिले जाडी भागिले त्रिज्या. पोलादासाठी ते १२१ मेगापास्कल येते, म्हणजे यील्डच्या बरेच खाली. त्यामुळे इथे पोलादाची प्रत वाढवून काहीही मिळणार नाही. दुसरी संख्या त्रिज्या आणि जाडीच्या गुणाकाराच्या वर्गमुळाची, इथे ३१.६ मि.मी. ही लांबी कागदावर ठळक लिहून ठेवावी, कारण लाटेची लांबी, मेशचा आकार आणि पुढे कारखान्यात मोजायची पट्टी, सगळे तिच्याच पटीत ठरते. दंडगोलाच्या अक्षसममित लाटेची अर्धी लांबी तिच्या १.७३ पट, म्हणजे सुमारे ५५ मि.मी. असते. एक मीटर त्रिज्येच्या नळकांड्यावर इतक्या बारीक सुरकुत्या पडतात, हे ठाऊक नसेल तर ५० मि.मी.ची मेश पुरेशी वाटते आणि संगणक निमूटपणे चुकीचे उत्तर देतो.

रेषीय बकलिंग विश्लेषण

पहिले संगणकीय पाऊल म्हणजे आयगेन मूल्यांचे (रचना ज्या भारांना बकल होऊ शकते ते भार आणि त्या वेळचे आकार काढणारे) रेषीय विश्लेषण, ज्यासाठी अबॅकसमध्ये बकल ही पायरी आहे. त्यातून मिळणारा आकडा परिपूर्ण रचनेचा असतो आणि तो बकलिंगपूर्वीची विकृती नगण्य आहे असे धरून निघतो. याच कारणाने तो डिझाइनचा भार म्हणून वापरू नये. त्याचा खरा उपयोग दोन गोष्टींसाठी आहे: हातहिशेबाशी पडताळणी, आणि रचना कोणकोणत्या आकारांत वाकू पाहते याची ओळख.

पडताळणी पाइपपासून करावी. घन विस्थापन फलनाचे एकच बीम एलिमेंट वापरले तर भार २८९ ऐवजी ३५१ किलोन्यूटन येतो, म्हणजे जवळजवळ २२ टक्के जास्त. दोन एलिमेंटनी तो २९१ वर उतरतो आणि चार एलिमेंटनी फरक दहाव्या टक्क्याच्या आत जातो. चूक नेहमी असुरक्षित बाजूला आहे हे इथे लक्षात घ्यावे. वाकलेला आकार सरळ तुकड्यांनी नीट उमटावा म्हणून पाइपसाठी २० एलिमेंट घेणे योग्य. कातरणाची विकृती विचारात घेणारे बीम एलिमेंट वापरल्यास उत्तर ऑयलरपेक्षा सुमारे अर्धा टक्का कमी येईल. तो मॉडेलचा दोष नाही; ऑयलरच्या सूत्रात कातरण नाही एवढाच त्याचा अर्थ.

दंडगोलासाठी मेशचा आकार ३१.६ मि.मी.च्या निम्मा, म्हणजे सुमारे १५ मि.मी. ठेवावा. दीड मीटर उंचीच्या दंडगोलाला परिघावर सुमारे ४२० आणि उंचीवर १००, असे ४२,००० च्या आसपास एलिमेंट लागतात. आजच्या साध्या संगणकाला हे जड नाही, म्हणून सममितीचा आधार घेऊन चतुर्थांश मॉडेल करण्याचा मोह टाळावा: सममितीच्या प्रतलावर जे आकार बसत नाहीत ते मॉडेलमधून गायब होतात, आणि नेमका त्यांच्यातलाच एखादा निर्णायक असू शकतो.

कडांच्या अटींबाबत जितके सांगावे तितके थोडे आहे. साध्या आधाराच्या दंडगोलाची कड परिघाच्या दिशेने सरकायला मोकळी ठेवली, तर क्रांतिक भार शास्त्रीय मूल्याच्या साधारण निम्म्यावर येतो. मॉडेलमध्ये हा फरक एका चौकोनातील एका खुणेचा असतो. प्रत्यक्षात टाकीच्या तळाशी जाड रिंग आहे का, पत्रा काँक्रीटमध्ये बसवला आहे की नुसता टेकला आहे, हे रेखाचित्रावरून किंवा जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय ती खूण करू नये.

आता आयगेन मूल्यांची यादी पाहावी. पाइपच्या एका प्रतलातील दुसरा आकार पहिल्याच्या चौपट भाराला येतो, त्यामुळे पहिला आकार निर्विवाद आहे. दंडगोलात पहिले कित्येक आकार एकमेकांना चिकटून, अगदी थोड्या टक्क्यांच्या अंतराने येतात. अशा वेळी पहिल्या आकाराला काही विशेष मान नाही. त्यामुळे निदान ३०-४० आकार मागवून त्यांची गर्दी पाहावी. यादीत ऋण मूल्य आले तर घाबरू नये: त्या आकारासाठी भार उलट दिशेने लावावा लागेल, इतकेच ते सांगते. शुद्ध कातरणाखालच्या प्लेटमध्ये धन आणि ऋण मूल्ये जोडीने येणे स्वाभाविकच आहे.

अपूर्णतेचा आकार निवडणे

सर्वांत प्रचलित मार्ग म्हणजे आयगेन आकार घेऊन त्याला योग्य गुणकाने गुणणे आणि त्या प्रमाणात मूळ नोड सरकवणे. अबॅकसमध्ये यासाठी बकलिंगच्या पायरीत नोड फाइलद्वारे विस्थापने लिहून ठेवावी लागतात आणि दुसऱ्या मॉडेलमध्ये इम्परफेक्शन या आज्ञेने ती वाचून घ्यावी लागतात. दोन्ही मॉडेलमधील नोडचे क्रमांक आणि मेश तंतोतंत एकच हवेत. मध्येच मेश बदलली आणि जुनी फाइल तशीच राहिली, तर अपूर्णता भलत्याच नोडांना लागते. हे टाळण्याचा एकच खात्रीचा उपाय आहे: अरेषीय विश्लेषण सुरू करण्यापूर्वी सरकवलेली भूमिती शंभरपट मोठी करून डोळ्यांनी पाहणे.

इथे एक बारीक सापळा आहे, आणि गोल पाइपच्या बाबतीत तो हमखास लागतो. गोल छेदाला कोणतेही प्रतल सारखेच असल्यामुळे पहिले दोन आयगेन आकार एकाच भाराला येतात आणि त्यांची दिशा संगणक मनाला येईल तशी निवडतो. आकार सामान्यतः असा मोजला जातो की विस्थापनाचा सर्वांत मोठा घटक १ होईल. दिशा योगायोगाने ४५ अंशांची आली, तर दोन्ही घटक १ असतात आणि प्रत्यक्ष विस्थापन १.४१ होते. आपण ४ हा गुणक दिला तरी मॉडेलमध्ये ५.७ मि.मी.चा बाक शिरतो आणि उत्तर विनाकारण कमी येते. म्हणून गुणक देऊन थांबू नये. मधल्या नोडचे सरकलेले निर्देशांक वाचून बाक प्रत्यक्ष मोजावा. पाइपसारख्या सोप्या रचनेत तर आयगेन आकाराच्या भानगडीत न पडता अर्ध्या साइन लाटेचे निर्देशांक स्वतःच लिहून देणे जास्त स्वच्छ आहे.

आकाराची बाजूही महत्त्वाची आहे. छेद किंवा भार असममित असेल, उदाहरणार्थ एकाच बाजूला ताठक (ताठरता वाढवणारी पट्टी) असलेली प्लेट, तर तोच आकार धन गुणकाने आणि ऋण गुणकाने वेगळी उत्तरे देतो. दोन्ही चालवून कमी असलेले उत्तर घ्यावे.

दंडगोलासाठी आयगेन आकार पुरेसे प्रामाणिक नाहीत असे माझे मत आहे. कोणत्याही कारखान्यात पत्रा संपूर्ण उंचीभर आणि परिघभर नियमित नक्षीत सुरकुततो असे होत नाही. टाकी किंवा सायलो पत्र्याचे पट्टे वाकवून, एकावर एक ठेवून, आडव्या सांध्यांवर वेल्ड केलेले असतात. वेल्ड थंड होताना आक्रसतो आणि त्या रेषेवर पत्रा आत ओढला जातो. साखर कारखान्यांतील मळीच्या टाक्यांवर संध्याकाळचे तिरपे ऊन पडले की हे आडवे खोलगट पट्टे नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. म्हणूनच आडव्या वेल्डच्या रेषेवरील अक्षसममित खळगा हा अधिक वास्तव आकार ठरतो. योगायोग असा की तो दंडगोलासाठी अतिशय घातक आकारांपैकीही एक आहे. कॉइटर यांनी लांब दंडगोलावरील घातक तरंगलांबीच्या अक्षसममित अपूर्णतेसाठी जे सूत्र दिले, त्यात आपला दंडगोल घातला तर चित्र असे दिसते: ०.१ मि.मी. खोलीला क्षमता शास्त्रीय मूल्याच्या ६१ टक्के, पाव मि.मी.ला ४६ टक्के, अर्ध्या मि.मी.ला ३५ टक्के आणि १ मि.मी.ला २४ टक्के. पहिल्या दहाव्या मि.मी.नेच जवळजवळ चाळीस टक्के नेले, आणि पुढे वक्र हळूहळू सपाट होत गेला. एकट्या वेल्डचा खळगा अखंड लाटांपेक्षा थोडा सौम्य असतो, पण घसरणीचे स्वरूप हेच राहते.

अशा अक्षसममित खळग्याबरोबर एक धोका येतो, ज्याकडे अनुभवी लोकांचेही दुर्लक्ष होते. भूमिती, भार आणि आधार सगळेच अक्षसममित असतील, तर संगणक अक्षसममित मार्गावरूनच चालत राहतो. प्रत्यक्षात मात्र रचना त्याआधीच फाटा फुटून परिघावरील लाटांमध्ये जाणार असते. फाट्याचा बिंदू ओलांडल्याची खूण म्हणजे ताठरता मॅट्रिक्समध्ये ऋण आयगेन मूल्ये असल्याची सूचना, जी संदेशांच्या फाइलमध्ये निमूट पडून राहते. उपाय साधा आहे: मुख्य खळग्याच्या जोडीला परिघावर लाटा असलेला एखादा आकार जाडीच्या शंभराव्या भागाइतक्या नगण्य प्रमाणात मिसळावा, म्हणजे फाटा आपोआप घेतला जातो.

रचना आधीच उभी असेल तर ती लेझर स्कॅनरने मोजून तीच भूमिती वापरणे सर्वांत उत्तम. एकच छोटा आडवा भार लावून पोचा निर्माण करायचा आणि मग उभा भार वाढवत न्यायचा, ही ब्राउनश्वाइग येथील जर्मन अंतराळ संस्थेच्या संशोधकांनी पुढे आणलेली पद्धत विमान आणि रॉकेटच्या कवचांसाठी उपयोगी आहे.

नोड सरकवून दिलेली अपूर्णता प्रतिबलरहित असते, म्हणजे रचना जन्मतःच तशी आहे असे मॉडेल समजते. जबरदस्तीने जुळवलेल्या भागांना हे लागू नाही. मेलबर्नच्या वेस्ट गेट पुलाच्या उभारणीत दोन अर्ध्या गर्डरांच्या पातळीत सुमारे ११४ मि.मी.चा फरक निघाला. तो घालवण्यासाठी वर काँक्रीटचे ठोकळे ठेवले गेले, त्या भाराने वरच्या फ्लँजचा पत्रा बकल झाला, आणि तो बकल काढण्यासाठी सांध्याचे बोल्ट सैल करत असताना १५ ऑक्टोबर १९७० रोजी तो गाळा कोसळून ३५ जण मृत्युमुखी पडले. अशा ठिकाणी जुळवणीचा प्रत्येक टप्पा, त्या टप्प्यातील भारासह, मॉडेलमध्ये वेगळी पायरी म्हणून यायला हवा. केवळ शेवटची भूमिती वाकडी करून ते प्रतिबल मिळत नाहीत.

अपूर्णतेचे माप

खांबासाठी लांबीच्या हजाराव्या भागाचा बाक ही प्रचलित प्रथा आहे, पण ती केवळ वाकडेपणाची आहे. प्रत्यक्ष पोलादात रोलिंग, वेल्डिंग किंवा थंड अवस्थेत वाकवण्यामुळे अवशिष्ट प्रतिबल (बाहेरचा भार नसतानाही आत अडकून राहिलेले प्रतिबल) असते आणि तेही क्षमता घटवते. आयएस ८०० : २००७ या पोलादी बांधकामाच्या भारतीय संहितेत हा सगळा परिणाम बकलिंगच्या चार वर्गांच्या अपूर्णता गुणकांत सामावलेला आहे: अ वर्गाला ०.२१, ब वर्गाला ०.३४, क वर्गाला ०.४९ आणि ड वर्गाला ०.७६. हे गुणक उलटे सोडवून आपल्या पाइपसाठी बाक काढला, तर उष्ण अवस्थेत घडवलेल्या अ वर्गाच्या पाइपला तो ५.२ मि.मी. आणि थंड अवस्थेत घडवलेल्या ब वर्गाच्या पाइपला ८.४ मि.मी. येतो, म्हणजे अनुक्रमे लांबीच्या सुमारे ७७० व्या आणि ४७६ व्या भागाइतका. त्याप्रमाणे क्षमता, सुरक्षा गुणक वगळून, २१३ आणि १९२ किलोन्यूटन येते. हजाराव्या भागाचा २२३ हा आकडा दोन्हींहून जास्त आहे. संहितेचा बाक हा पट्टीने मोजता येणारा बाक नसून त्यात अवशिष्ट प्रतिबलाची भर घातलेली आहे, हे या तुलनेतून स्पष्ट दिसते.

यावरून दोन सुसंगत वाटा निघतात. एक तर प्रत्यक्ष वाकडेपणा आणि अवशिष्ट प्रतिबल दोन्ही वेगवेगळे मॉडेल करावेत. नाहीतर अवशिष्ट प्रतिबल सोडून द्यावे आणि त्याची भरपाई करणारा मोठा, समतुल्य बाक घ्यावा. दोन्ही एकदम घेतल्यास एकाच दोषाची शिक्षा दोनदा होते, आणि दोन्हींपैकी काहीच न घेता नुसता हजारावा भाग घेतल्यास उत्तर फुगते. युरोपीय संहितेचा प्लेटविषयक भाग मॉडेलमध्ये निर्मितीच्या टॉलरन्सच्या ८० टक्के भौमितिक अपूर्णता घ्यायला सुचवतो. तोही अवशिष्ट प्रतिबल वेगळे घेतले असेल तेव्हा. अनेक आकार एकत्र करायचे असतील, तर एक मुख्य आकार पूर्ण आणि बाकीचे ७० टक्के, असा त्याचा नियम आहे.

अरेषीय विश्लेषण चालवणे

आता मोठ्या विस्थापनांचा विचार सुरू करून भार वाढवत न्यावा. साध्या भारनियंत्रणात शिखर आले की उकल थांबते, आणि ती शिखरामुळे थांबली की दुसऱ्याच कारणाने, हे कळत नाही. भाराऐवजी टोकाचे विस्थापन वाढवले तर शिखरापलीकडे जाता येते. आपल्या पाइपसाठी ही सर्वांत सरळ आणि विश्वासार्ह रीत आहे. जिथे भाराबरोबर विस्थापनही माघारी फिरते तिथे चाप-लांबी पद्धत (भार आणि विस्थापन दोन्ही एकत्र ठरवत मार्गावर पुढे सरकणारी) लागते. ती रिक्स यांनी १९७० च्या दशकात मांडली आणि क्रिसफील्ड यांनी १९८१ मध्ये फायनाईट एलिमेंटसाठी सुटसुटीत केली. अबॅकसमध्ये ती स्टॅटिक, रिक्स या पायरीत आहे. स्वतःचे वजन किंवा टाकीतील द्रवाचा दाब यांसारखे कायमचे भार आधीच्या साध्या पायरीत लावावेत आणि रिक्सच्या पायरीत फक्त वाढवायचा भार ठेवावा, नाहीतर गुणक सगळ्यांनाच लागतो.

पहिली वाढ अपेक्षित शिखराच्या पाच टक्क्यांच्या आसपास ठेवावी आणि कमाल वाढीला मर्यादा घालावी. मर्यादा नसेल तर चाप मोठा होऊन उकल शिखरावरून उडी मारते किंवा आल्या वाटेने मागे फिरते. भार आणि विस्थापन दोन्ही एकाच रेषेवर परतताना दिसले तर हेच घडले आहे असे समजावे.

दंडगोलात पोचे एकापाठोपाठ एक, झटक्यात पडतात आणि तिथे रिक्स पद्धतही अडखळते. अशा वेळी कृत्रिम अवमंदन (डॅम्पिंग) किंवा गतिक विश्लेषण वापरावे लागते. दोन्हींत ऊर्जेचा हिशेब ठेवणे बंधनकारक मानावे: शिखर येईपर्यंत अवमंदनात गेलेली ऊर्जा किंवा गतिज ऊर्जा एकूण विकृती ऊर्जेच्या मानाने नगण्यच असली पाहिजे. ती तशी नसेल, तर दिसणारी जादाची ताकद अवमंदनाने दिलेली आहे, पत्र्याने नव्हे.

पदार्थाचे गुणधर्म देताना मोठ्या विकृतींसाठी सत्य प्रतिबल आणि लघुगणकी प्लॅस्टिक विकृती द्यावी. बकलिंगच्या शिखरापर्यंत विकृती लहान असल्याने पाइपसाठी साधा स्थितिस्थापक-प्लॅस्टिक वक्रही चालतो. दंडगोलाचे बकलिंग १२१ मेगापास्कलच्या खाली होते, पण पोच्याच्या कडांवर स्थानिक यील्ड होऊ शकते, म्हणून तिथेही प्लॅस्टिकता चालू ठेवावी.

उत्तरावर विश्वास कधी ठेवावा

पाइपसाठी बंद सूत्र उपलब्ध आहे, त्याचा पूर्ण लाभ घ्यावा. पदार्थ केवळ स्थितिस्थापक ठेवून एकदा चालवावे. ४ मि.मी.च्या मूळ बाकाचा एकूण बाक क्रांतिक भाराच्या निम्म्याला, म्हणजे १४४.५ किलोन्यूटनला, बरोबर ८ मि.मी. आणि २०० किलोन्यूटनला १३ मि.मी. झाला पाहिजे. हे आकडे एखाद्या टक्क्याच्या आत जुळले नाहीत तर प्लॅस्टिकतेकडे वळूच नये. त्यानंतर साउथवेल यांची १९३२ ची पद्धत वापरावी: वाढलेला बाक आडव्या अक्षावर, आणि तोच बाक भाराने भागून उभ्या अक्षावर मांडला, की सरळ रेषा मिळते आणि तिच्या उताराचा व्यस्त म्हणजे क्रांतिक भार. मुळात ही पद्धत प्रयोगशाळेतल्या खांबांसाठी आहे, पण अपूर्णता मॉडेलमध्ये खरोखर शिरली का, याची ती फार चांगली साक्षीदार ठरते. रेषेचा आडव्या अक्षावरील छेदही मूळ बाक सांगून जातो, त्यामुळे ४ च्या जागी ५.७ असेल तर तिथेच उघड होते.

दंडगोलाच्या मेशची तपासणी परिपूर्ण रचनेच्या आयगेन भारावर थांबवू नये. अपूर्ण रचनेच्या शिखरभारावर ती पुन्हा करावी, कारण पोच्याच्या कडेवरील वक्रता मूळ लाटेपेक्षा तीव्र असते आणि तिला अधिक बारीक मेश लागते.

एकच अपूर्णता धरून आलेला एकच आकडा अहवालात देणे मला अपुरे वाटते. अपूर्णतेची खोली आडव्या अक्षावर आणि शिखरभार उभ्या अक्षावर, असा आलेख निदान पाच बिंदूंनी काढावा आणि त्यावर नासाच्या सूत्राची किंवा लागू संहितेची पातळी रेषेने दाखवावी. आपल्या दंडगोलासाठी हा आलेख कुठपर्यंत न्यायचा, हे कवचांसाठीच्या युरोपीय संहितेतील मोजणीवरून ठरते. तिथे उभ्या दाबासाठी पट्टीची लांबी त्रिज्या आणि जाडीच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या चौपट, म्हणजे इथे सुमारे १२६ मि.मी. असते, आणि त्या पट्टीखाली मापलेली पोच्याची खोली उत्कृष्ट दर्जात तिच्या ०.००६ पट, उच्च दर्जात ०.०१० पट आणि सामान्य दर्जात ०.०१६ पट चालते. आपल्या पत्र्यासाठी याचा अर्थ ०.८, १.३ आणि २.० मि.मी. म्हणजे सामान्य दर्जाच्या कामात पत्र्याच्या जाडीच्या दुप्पट खोलीचा पोचाही नियमात बसतो, आणि १ मि.मी.ला थांबलेला आलेख अशा टाकीबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून आलेख २ मि.मी.पर्यंत न्यावा, ज्या खोलीवर डिझाइन केले ती खोली आणि पट्टीची लांबी रेखाचित्रावर लिहावी, आणि वेल्डच्या प्रत्येक आडव्या रेषेवर ती पट्टी लावून फटीच्या मापांची नोंद फॅब्रिकेटरकडून मागवावी. एखाद्या रेषेवर खोली जास्त निघाली, तर तेवढ्याच जागी मोजलेली खोली घालून मॉडेल पुन्हा चालवावे आणि त्यानंतरच दुरुस्ती करायची की नाही ते ठरवावे.